फेडरेशन विरुद्ध स्वातंत्र्य : सोशल मीडियातली नवी संस्थाने

२०१९ च्या नोव्हेंबरात ट्विटर वापरणाऱ्या हजारो भारतीयांनी अवघ्या काही दिवसांत मॅस्टोडॉन नावाच्या, तोवर इथे फारसे कोणी न ऐकलेल्या नेटवर्कवर खाती उघडली. निमित्ते दोन झाली. ऑक्टोबरअखेर सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले. १९३६ साली हॅम्बुर्गच्या गोदीत सगळा जमाव हात उंचावून नाझी सलामी देत असताना एकटाच हाताची घडी घालून उभा राहिलेला कामगार, ज्याला जग ऑगस्ट लँडमेसर म्हणून ओळखते, त्याचा फोटो हेगडेंनी आपल्या खात्यावर लावला होता. कंपनीच्या लेखी तो फोटो द्वेषमूलक ठरला. नाझींना नकार देणाऱ्या माणसाच्या फोटोत नाझी प्रचार पाहणारी ही बुद्धी!

दुसरे निमित्त आपल्या जास्त जवळचे. पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आले आणि त्यावरून दलित, आदिवासी, बहुजन तरुणांनी ट्विटरला सरळ जातीचा प्रश्न विचारला. ब्लू टिक कोणाला मिळते? कोणत्या निकषावर मिळते? शाळकरी वयाच्या वारसदारांना मिळते आणि आयुष्यभर लिहिणाऱ्या आपल्या लेखकांना का मिळत नाही? भारतातल्या सगळ्या ब्लू टिक रद्द करा, ही मागणी तेव्हा ट्रेंडमध्ये वर गेली. ते डिजिटल जानवेच होते आणि आपल्या पोरांनी ते नेमके ओळखले. आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, ब्राह्मणी पितृसत्ता मोडून काढा असे सांगणारे पोस्टर हातात धरलेला जॅक डॉर्सीचा फोटो प्रसिद्ध झाला, तेव्हा याच कंपनीने माफी मागितली होती. कोणाच्या भावना दुखावल्या म्हणून मागितली, हे वाचकांना सांगायची गरज नाही.

तर या संतापात आपले लोक मॅस्टोडॉनवर गेले. तिथे मालक नाही, तिथे कोणी आपल्याला हाकलू शकत नाही, असे तेव्हा ठामपणे सांगितले जात होते. बहुतेक जण काही महिन्यांत परत आले. का आले, याची चर्चा आपल्याकडे कधी नीट झालीच नाही. तांत्रिकदृष्ट्या अवघड होते, मराठी-हिंदी माणसे कमी होती, अशी उत्तरे देऊन विषय मिटवला गेला. पण 'तिथे मालक नाही' या वाक्याची तपासणी राहून गेली. ती आज करायची आहे, कारण एलॉन मस्कने २७ ऑक्टोबर २०२२ रोजी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेतल्यापासून तेच वाक्य नव्या जोमाने बाजारात आले आहे.

आधी ही भानगड काय आहे ते समजून घेऊ. तुमचा ईमेल एका कंपनीकडे असतो, माझा दुसऱ्या, तरी पत्र पोचते. कारण पत्र कसे पाठवायचे याचा नियम, म्हणजे प्रोटोकॉल, १९८२ पासून सर्वांसाठी खुला आहे. तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. फेसबुक आणि ट्विटरने हे नाकारले. फेसबुकवरच्या माणसाला ट्विटरवरच्या माणसाशी बोलता येत नाही, दोघांनाही एकाच वाड्यात राहायला यावे लागते. याला उत्तर म्हणून काही लोकांनी म्हटले, ईमेलसारखेच करू. शेकडो-हजारो सर्व्हर असतील, प्रत्येकाचा चालक वेगळा असेल, नियम वेगळे असतील, पण सगळे एक भाषा बोलतील. हेच फेडरेशन.

प्रयत्न जुना आहे. २००८ साली कॅनडात इव्हान प्रोड्रोमू याने आयडेंटिका सुरू केले. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी डायस्पोरासाठी लोकांकडे दहा हजार डॉलर मागितले आणि दोन लाखांवर मिळाले. (देणगीदारांत मार्क झुकरबर्गही होता. सेठजींची दानत अशीच असते, धोका वाटेनासा झाला की पावती फाडतात.) दोन वर्षांत ते काम स्वयंसेवकांवर सोपवून संस्थापक बाजूला झाले. मग २०१६ मध्ये जर्मनीतल्या विशीतल्या ऑयगेन रोखको याने मॅस्टोडॉन आणले आणि जानेवारी २०१८ मध्ये अ‍ॅक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलला वेबची मानके ठरवणाऱ्या जागतिक संस्थेची मान्यता मिळाली. मस्कच्या खरेदीनंतर एका महिन्यात मॅस्टोडॉनचे सक्रिय वापरकर्ते सुमारे तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेले, आणि पुढच्या काळात दहा लाखांच्या खाली आले. २०१९ ची आपली गोष्टच जगाच्या पातळीवर पुन्हा घडली.

फेडरेशन हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभे राहिले. जुन्या माणसांच्या तोंडी 'फेडरेशनवाला' ही ओळख कितीतरी वर्षे होती. पण मला इथे त्याच्याही तीन वर्षे आधीचे भाषण आठवते. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत बाबासाहेबांनी 'फेडरेशन विरुद्ध स्वातंत्र्य' या विषयावर भाषण केले. समोर १९३५ चा कायदा होता. त्यात ब्रिटिश हिंदुस्थानातले प्रांत आणि राजेरजवाड्यांची संस्थाने यांचे मिळून एक संघराज्य करायचे ठरले होते. कनिष्ठ सभागृहाच्या ३७५ जागांपैकी १२५ जागा संस्थानांना होत्या. त्या जागांवर माणसे संस्थानिक नेमणार होता. प्रजेने निवडून देण्याचा प्रश्नच नव्हता. संघराज्यात सामील व्हायचे की नाही हेही संस्थानिकच ठरवणार. प्रजेला कोणी विचारणार नव्हते.

बाबासाहेबांचा आक्षेप काय होता? घटक एकत्र आले एवढ्याने त्या घटकांच्या पोटातली माणसे मोकळी होत नाहीत. संस्थानाला संघराज्यात मान मिळतो, आणि त्या संस्थानाच्या आत रयत होती तिथेच राहते. उलट संघराज्याच्या शिक्क्याने संस्थानिकाची गादी आणखी पक्की होते. फेडरेशनला मत देण्याआधी त्यांनी विचारले की त्यात माणसाचे स्थान काय.

हाच प्रश्न आजच्या फेडरेशनला विचारा. सर्व्हर हे संस्थान आहे. तो चालवणारा अ‍ॅडमिन संस्थानिक आहे. नियम तो लिहितो, तोच बदलतो, तोच न्यायनिवाडा करतो. तुम्हाला हाकलून दिले तर अपील त्याच्याकडेच. मॅस्टोडॉनवरचे खासगी निरोप कुलूपबंद नसतात. सर्व्हर चालवणाऱ्याने मनात आणले तर तो ते वाचू शकतो. कोणी म्हणेल, मस्कची कंपनीही वाचू शकते. बरोबर. पण मस्कला तुम्ही कोण हे माहीत नाही. पाटलाला असते.

दोन संस्थानिकांचे भांडण झाले तर एक अ‍ॅडमिन दुसऱ्याचा अख्खा सर्व्हर तोडून टाकतो, आणि ज्यांचा भांडणाशी काडीचा संबंध नाही अशी माणसे एका रात्रीत एकमेकांपासून तुटतात. संस्थानिक थकला तर? मॅस्टोडॉन डॉट लोल नावाचा हजारो लोकांचा सर्व्हर २०२३ मध्ये त्याच्या एकट्या चालकाने छळाला कंटाळून बंद करायचे जाहीर केले. त्याचा दोष म्हणता येणार नाही. एका माणसाने किती सोसायचे? पण रयतेला गाठोडे बांधावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत कोलेक्टिव्हा या चळवळीतल्या लोकांच्या सर्व्हरच्या एका अ‍ॅडमिनच्या घरावर वेगळ्याच प्रकरणात एफबीआयची धाड पडली, आणि जप्तीत सर्व्हरच्या माहितीची उघडी प्रत गेली. हजारो कार्यकर्त्यांचा मजकूर एका घरातल्या टेबलावर होता! २०२४ च्या फेब्रुवारीत समलिंगी-पारलिंगी समूहाचा एक सर्व्हर असाच गेला, कारण त्याच्या पत्त्याचे शेवटचे अक्षर अफगाणिस्तानचे होते आणि ते तालिबान सरकारच्या हाती. नावाचा पत्ताही कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो, हे लोकांना त्या दिवशी कळले.

आता गावाकडे वळू. विकेंद्रीकरणाचे जे गोडवे आज तंत्रज्ञानवाले गातात, ते आपण आधी ऐकले आहेत. संविधान सभेत गांधीवादी मंडळी ग्रामस्वराज्याचे गातच होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी त्या गावाचे वस्त्रहरण केले. गाव हे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयतेचे आगर आहे, अशा अर्थाचे ते बोलले, आणि मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक मानला याचे त्यांनी समाधान व्यक्त केले. स्थानिक सत्ता चांगली, हे कोण म्हणते? ज्याचे घर गावकुसाच्या आत आहे तो म्हणतो.

माझे तर म्हणणे असे की जात हेच जगातले सर्वांत जुने विकेंद्रित नेटवर्क आहे. जातीला कधी मुख्यालय लागले नाही, सीईओ लागला नाही. प्रत्येक गाव आपापले चालवते, पण प्रोटोकॉल एकच. एका गावाने वाळीत टाकलेल्या माणसाला पुढच्या गावात पाणी मिळेल याची खात्री नाही, कारण बातमी त्याच्या आधी पोचलेली असते. तेव्हा केंद्र नाही म्हणून जुलूम नाही, असे समीकरण आपल्याला तरी कोणी शिकवू नये.

हे केवळ तर्काचे बोलणे नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा अनुभव समोर आहे. मॅस्टोडॉनवर पोस्टवर पडदा टाकायची सोय आहे. वर इशारा लिहायचा आणि वाचणाऱ्याने इच्छा असेल तर पडदा उघडायचा. हिंसेची दृश्ये, आजारपणाचे तपशील यासाठी ती उपयोगी आहे. पण २०२२ च्या अखेरीस ट्विटरवरून आलेल्या काळ्या लोकांनी आपल्यावर रोज होणाऱ्या वर्णद्वेषाबद्दल लिहिले, तेव्हा तिथल्या जुन्या गोऱ्या रहिवाशांनी त्यांना सांगायला सुरुवात केली : हे पडद्याआड टाका, आम्हाला त्रास होतो. जॉनाथन फ्लॉवर्स या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने तेव्हा हे नेमके मांडले. जागा कोणाचीच नाही असे सांगितले जाते, पण जे आधी आले त्यांच्या सवयी हेच तिथले शिष्टाचार बनतात, आणि ते आधी आलेले गोरे होते.

वाचकहो, हे ओळखीचे वाटते ना? कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, ऑफिसच्या डब्यावर आपण हेच ऐकतो. इथे जातीचे बोलू नका, वातावरण बिघडते. वातावरण अत्याचाराने बिघडत नाही, अत्याचाराची बातमी सांगितल्याने बिघडते! तिथे फक्त या वाक्याला बटण जोडले होते.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्याची पोस्ट उचलून त्यावर आपले भाष्य करण्याची सोय रोखकोने मुद्दाम ठेवली नव्हती. त्याने विखार वाढतो असे त्याचे मत. पण काळ्या लोकांच्या ट्विटरवरच्या संवादाचा, चेष्टेचा आणि प्रतिकाराचा तोच तर कणा होता. आपल्याकडेही संपादकाच्या मनुवादी वाक्याला तिथेच खाली उत्तर देणे हे आपल्या पोरांचे मोठे हत्यार राहिले आहे. मॅस्टोडॉनवर ही सोय यायला २०२५ उजाडले. मजकुरात शोध घेण्याची सोयही छळ टळावा म्हणून बराच काळ नव्हती. २०२३ मध्ये, ज्याने संमती दिली त्याच्या पोस्टपुरती आली. हेतू चांगला होता हे मी मान्य करतो. पण शोध नसला की छळणारा जसा पोचत नाही, तसा आपला माणूसही आपल्याला सापडत नाही. विखुरलेल्यांना एकमेकांना सापडणे हीच पहिली लढाई असते, हे सुरक्षित माणसाच्या लक्षात येणे कठीण.

मॅस्टोडॉनचा सर्वांत मोठा सर्व्हर आपल्या नियमांत वर्णद्वेषाच्या बरोबरीने जातिवादही स्पष्ट शब्दांत मना करतो. चांगलेच आहे, आपल्याकडच्या कितीतरी संस्थांच्या नियमावलीत तो शब्द नाही. पण नियम लिहिला म्हणजे निवाडा झाला का? 'आरक्षणवाले' या साध्या दिसणाऱ्या शब्दात कोणते विष आहे, आडनाव विचारण्यामागे काय दडलेले असते, हे जर्मनीत बसलेल्या स्वयंसेवकाला कसे कळणार? अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे काय होते ते आपण पाहतो. कलम पुस्तकात आणि पंचनामा करणारा गावचा.

मग काय, मस्कच्या दारात उभे राहायचे? मुळीच नाही. खासगी सेठच्या एकछत्री राज्याला बाबासाहेबांच्या बलवान केंद्राशी जोडणे ही शुद्ध चलाखी ठरेल. बाबासाहेबांच्या केंद्रावर संविधान होते, मूलभूत हक्क होते, न्यायालय होते. मस्कच्या केंद्रावर फक्त मस्क आहे. आणि परक्याच्या छापखान्यावर चळवळ चालत नाही हे आपल्याला कोणापेक्षाही जास्त कळते. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला म्हणून बहिष्कृतांचा शब्द छापला गेला. तेव्हा आपला छापखाना हवा, आपला सर्व्हर हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा झगडा 'फेडरेशन आले म्हणजे स्वातंत्र्य आले' या भाबड्या समजुतीशी आहे.

१९४८ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी इथे मला सर्वांत कामाची वाटते. आपल्या घटनेत राज्यव्यवस्था दुहेरी आहे, केंद्र आहे आणि राज्ये आहेत, पण नागरिकत्व एकच आहे. अमेरिकेत दोन आहेत. आपल्याकडे मराठवाड्यातला माणूस केरळात गेला तरी तो तोच नागरिक, तेच हक्क घेऊन. आजच्या फेडरेशनमध्ये नेमके हे नाही. मॅस्टोडॉनवर तुमचे नाव सर्व्हरच्या नावाला चिकटलेले असते, वतनदारीत असते तसे. दुसऱ्या सर्व्हरवर गेलात तर फॉलोअर बरोबर येतात, पण आजवर लिहिलेल्या पोस्ट येत नाहीत. पोरेबाळे आणि भांडी घेऊन गाव सोडायचे, घर आणि विहीर मागे ठेवायची. बाबासाहेबांनी गाव सोडा म्हटले तेव्हा सोडणाऱ्याला ही किंमत किती जड जाते हे त्यांना माहीत होते.

ब्लूस्काय या नव्या नेटवर्कने या दुखण्यावर उपाय शोधला आहे. तिथे माणसाची ओळख सर्व्हरपासून वेगळी ठेवली आहे. घर बदलले तरी नाव आणि लिखाण बरोबर नेता यावे अशी रचना आहे. कागदावर हे एक नागरिकत्वच. प्रत्यक्षात बहुसंख्य लोक अजून त्या कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत, त्यामुळे संस्थान अनेक आणि रयत एकाकडेच अशी गंमत आहे. पण त्याच पायावर रुडी फ्रेझर या काळ्या तंत्रज्ञाने ब्लॅकस्काय उभे केले, ते आपण बारकाईने पाहायला हवे. आधी काळ्या लोकांच्या पोस्ट एकत्र दाखवणारी एक फीड, मग स्वतःचे मॉडरेशन, मग स्वतःची यंत्रणा, समाजाच्या वर्गणीवर. म्हणजे आधी त्यांनी आपली माणसे शोधली, मग त्यांचे रक्षण केले, आणि यंत्रे त्यानंतर उभारली. आपल्याकडचे उत्साही तरुण नेमके उलटे करतात. आधी सर्व्हर भाड्याने घेतात, लोगोत निळा रंग आणि अशोकचक्र घालतात, आणि तीन महिन्यांनी कोणी नाही म्हणून बंद करतात.

पैशाचे बोलायला आपण लाजतो, पण बोलले पाहिजे. 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, तरी तो १९२३ मध्ये बंद पडला. 'बहिष्कृत भारत' १९२७ ते १९२९, आणि त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहावे लागले. 'जनता' १९३० पासून टिकला, कारण तोवर त्यामागे संघटना उभी होती. सर्व्हरचेही तसेच. जयंतीच्या डीजेचे एका रात्रीचे भाडे घ्या, लहान सर्व्हरचे बरेच महिने त्यात निघतील. अवघड आहे ती रोजची राबणूक. रात्री दोन वाजता कोणी आपल्या मुलीला धमकी दिली तर ती पोस्ट कोण काढणार? बॅकअप कोण ठेवणार, कोणत्या कुलपात ठेवणार?

आणि सरकार. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मध्ये पन्नास लाखांवर वापरकर्ते असलेल्या कंपन्यांवर जास्तीची बंधने आहेत, पण तक्रार निवारण अधिकारी लहान सर्व्हरलाही नेमावा लागतो आणि कलम ६९अ चा आदेश त्यालाही लागू होतो. ट्विटर असे आदेश घेऊन कर्नाटक उच्च न्यायालयात गेले, आणि जून २०२३ मध्ये हरून वर पन्नास लाखांचा दंडही घेऊन आले. कंपनीने तो पचवला. औरंगाबादच्या किंवा नांदेडच्या दोन खोल्यांच्या घरात सर्व्हर चालवणारी आपली कार्यकर्ती काय करणार? तिच्या दारात वकील उभा करायची तयारी असेल तरच तिला सर्व्हर चालवायला सांगा.

म्हणून आपल्या सर्व्हरला यंत्राच्या आधी घटना लागेल, लिहिलेली. कोणाला काढायचे असेल तर लेखी कारण, आणि ज्याने काढले त्याच्याकडे अपील नाही, दुसऱ्यांकडे. दुसऱ्या सर्व्हरशी संबंध तोडायचा निर्णय एकट्या अ‍ॅडमिनचा नाही. जाणाऱ्याला त्याचे लिखाण पूर्ण हातात देण्याची सक्ती. मॉडरेशनमध्ये बाया असल्याच पाहिजेत, आणि एकाच पोटजातीची माणसे असता कामा नयेत. आपल्यातही पाटील तयार होतात हे लपवून काय उपयोग? विरोधी गटाचे, दुसऱ्या पक्षाचे आंबेडकरी लोक तिथे लिहू शकतील का, हा त्या घटनेचा खरा कस असेल. रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले ते मोजणाऱ्याने सर्व्हरचे किती होतील याचाही अंदाज आधीच बांधून ठेवावा.

हे ठरवायला प्रोग्रॅमर लागत नाही. विहाराच्या सभागृहात दहा-पंधरा माणसे बसली, वहीत लिहून काढले, तरी सुरुवात होते. पहिला प्रश्न फार साधा असेल : डोमेन कोणाच्या नावावर घ्यायचे? आणि त्याचे उत्तर कोणा एका भाऊंचे नाव हे असता कामा नये.